कांद्यालाही धोरणाची खात्री हवी

निर्यातदारांना मदत करणाऱ्या निर्यात प्रोत्साहन अभियानाच्या २५,०६० कोटी रुपयांचा दाखला देत, आपले व्यापार धोरण निर्यातदारांच्या पाठीशी आहे, असे केंद्र सरकारने केलेले समर्थन वाचले. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेल्यानंतर लहान उद्योजकांना असा आधार हवाच होता. मात्र हे समर्थन कांद्यापाशी टिकत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याखालच्या भावाने निर्यात करता येत नाही) आणि पुन्हा ४० टक्के शुल्काची अट घालून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य हटवून शुल्क २० टक्क्यांवर आणले आणि अखेर १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द केले. एवढे सगळे वीस महिन्यांत! जुन्नर, आंबेगाव, खेडच्या शेतकऱ्याने कोणत्या भरवशावर चाळीत कांदा साठवायचा? बंदीच्या काळात दुसऱ्या देशाकडे वळलेला परदेशी खरेदीदार बंदी उठताच परत येतो असेही नाही.

शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे, हे पुण्यात राहून मलाही पटते. पण त्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत सरकार राखीव साठा करतेच. तो वेळेवर बाजारात आणावा आणि रब्बी कांद्याच्या लागवडीपूर्वी त्या हंगामाचे निर्यातधोरण जाहीर करून ते मध्येच बदलू नये.

– एक वाचक, पुणे