राज्य स्वयंसेवा आयोगाच्या स्थापनेसाठी सहकार्याचे आवाहन

तालुक्यातील सेवाभावी संस्था, महिला मंडळे, युवक मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांच्या प्रतिनिधींची मिळून आमची समन्वय समिती बनली आहे. स्वयंसेवा आणि समाजसेवेला चालना देण्यासाठी महाराष्ट्रात कायद्याने स्थापन झालेला स्वतंत्र राज्य आयोग असावा, अशी मागणी शासनाकडे व विधिमंडळाकडे करण्याचा निर्णय या समितीने घेतला आहे. मागणीचे निवेदन, त्याला जोडायची माहिती आणि कायद्याचा कच्चा मसुदा यांवर काम सुरू झाले असून त्यासाठी आपल्या मदतीची गरज आहे. मदत कोणत्या स्वरूपाची हवी आहे ते पुढे दिले आहेच, पण "आहेत तेवढे आयोग पुरेसे नाहीत का?" हा प्रश्न आमच्याच बैठकीत सर्वांत आधी विचारला गेला होता आणि तो गैर नसल्यामुळे त्याचे उत्तर प्रथम देणे आम्हाला उचित वाटते.

महाराष्ट्रात सेवावृत्तीचा तुटवडा आहे, असे कोणी म्हणणार नाही. इर्जिक आणि सावड या शेतीतील परस्परसाहाय्याच्या रीती, गाडगेबाबांचा खराटा, तुकडोजी महाराजांचा ग्रामविचार, १९४१ साली स्थापन झालेले राष्ट्र सेवा दल, बाबा आमटे यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, असा हा वारसा मोठा आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आज आपल्या बहुतेक महाविद्यालयांत पोहोचली आहे. उणीव आहे ती या वृत्तीला वर्षभर काम, सुरक्षितता आणि ओळख देणाऱ्या व्यवस्थेची.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णा व पंचगंगेला आलेल्या महापुराच्या वेळी राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे आणि साहित्य निघाले. पहिल्या आठवड्यांत मदतीची वाहने रस्त्यांवर दाटली आणि जुन्या कपड्यांचे इतके ढीग साचले की त्यांची वर्गवारी करणे हेच एक वेगळे काम होऊन बसले. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ उपसणे, भिजलेली कागदपत्रे पुन्हा मिळवून देणे, नुकसानभरपाईचे अर्ज भरून देणे, मुलांचा बुडालेला अभ्यास भरून काढणे ही कामे मात्र कित्येक महिने चालतात आणि त्या वेळी हाताशी माणूस मिळत नाही. मदत करू इच्छिणारा आणि मदत हवी असलेला यांची योग्य वेळी गाठ घालून देणे हे एखाद्या संस्थेच्या आवाक्यातले काम नाही. त्याला कायम चालू राहणारी, गावागावांतून माहिती येणारी आणि जिल्हा प्रशासनाशी जोडलेली यंत्रणा लागते.

याच पुरात, ८ ऑगस्ट २०१९ रोजी, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना सुरक्षित स्थळी नेणारी बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. ही घटना कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. संकटात सर्वांत आधी धावून येतात ते गावातलेच लोक, सरकारी पथके नंतर पोहोचतात, आणि हे यापुढेही असेच घडत राहणार आहे. मग बोटीत किती माणसे बसवायची, जीवरक्षक जाकिटे कोठे ठेवलेली असतात, वीजवाहिनी पडलेल्या पाण्यात का उतरायचे नाही, हे त्या गावातल्या दहा जणांना तरी पुराआधीच शिकवलेले असायला नको का?

दुसरा मुद्दा स्वयंसेवकाच्या स्वतःच्या सुरक्षिततेचा आहे आणि आमच्या समितीला तो सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. विहिरीतला गाळ काढताना, वणवा विझवताना किंवा रक्तदान शिबिराचा मंडप उभारताना एखादा तरुण जायबंदी झाला, तर उपचारांचा खर्च कोणी करायचा? तो कोणाचा नोकर नसतो, त्यामुळे कामगारांना मिळणारे नुकसानभरपाईचे संरक्षण त्याला सहसा लागू होत नाही. ज्या संस्थेसाठी तो राबला तिच्या गाठीशी पैसे असतातच असे नाही. शेवटी वर्गणी काढली जाते आणि ती पुरली नाही की घरचे लोक कर्ज काढतात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचा ससेमिरा लागू नये, म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ घालण्यात आले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे; पण ते संरक्षण रस्ते अपघातांपुरतेच आहे. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत ३५० जिल्ह्यांतील एक लाख स्वयंसेवकांना आपत्कालीन प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा देण्याचे ठरले. म्हणजे स्वयंसेवकाचा विमा उतरवता येतो, हे शासनाने मान्य केलेलेच आहे. जे आपत्तीच्या कामात शक्य आहे ते रुग्णसेवा, वृक्षसंगोपन आणि साक्षरतेच्या कामात अशक्य का ठरावे, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला अद्याप मिळालेले नाही.

आज यातील प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या ठिकाणी आहे. राष्ट्रीय सेवा योजना महाविद्यालयांमार्फत चालते, आपदा मित्र आपत्ती व्यवस्थापनाकडे, १९४७ च्या अधिनियमाखाली चालणारे होमगार्ड गृह विभागाकडे आणि 'माय भारत' ही युवकांसाठी केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेली यंत्रणा त्यांच्याहून निराळी. सेवा योजनेतला विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास काम करतो, सात दिवसांच्या विशेष शिबिरात गावाची पाहणी करायला शिकतो, आणि प्रमाणपत्र हातात पडले की त्याचे नाव कोणाच्याच यादीत उरत नाही. इतक्या मेहनतीने घडवलेला माणूस असा हातचा घालवणे ही आपल्या राज्याची फार मोठी आणि कोठेही नोंद न होणारी हानी आहे.

अशा आयोगाचे उदाहरण बाहेर आहे. अमेरिकेत १९९३ च्या राष्ट्रीय व सामुदायिक सेवा कायद्यानंतर राज्याराज्यांत सेवा आयोग उभे राहिले. त्या कायद्यानुसार आयोगाचे मतदानाचा अधिकार असलेले सदस्य १५ ते २५ असतात, राज्यपाल त्यांची नेमणूक करतात, राज्याचे कर्मचारी त्यांत एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाहीत आणि कोणत्याही एका राजकीय पक्षाचे सदस्य निम्म्याहून फार तर एकाने जास्त असू शकतात. १६ ते २५ वर्षे वयाचा एक तरी सदस्य असावा, अशीही तरतूद आहे. तेथील सगळे जसेच्या तसे उचलावे, असे आमचे म्हणणे नाही. तेथील राज्यपाल निवडून आलेला कार्यकारी प्रमुख असतो, आपल्याकडील पद वेगळे आहे. मात्र पक्षीय आणि प्रशासकीय वर्चस्वाला आधीच कुंपण घालण्याची तरतूद आपल्या मसुद्यात जशीच्या तशी यावी, यावर समितीचे एकमत आहे.

आयोग शासन निर्णयाने नव्हे तर कायद्याने स्थापन व्हावा, हा आमचा आग्रह आहे. शासन निर्णयाने नेमलेली समिती दुसऱ्या शासन निर्णयाने गुंडाळता येते, याचा अनुभव सर्वांनाच आहे. राज्य महिला आयोगामागे १९९३ चा अधिनियम आहे, तर शासकीय सेवा वेळेत मिळाव्यात यासाठीच्या सेवा हक्क आयोगामागे २०१५ चा. त्यांच्या कामाविषयी मतभेद असू शकतील, पण त्यांचे अस्तित्व एका सहीवर अवलंबून नाही. अशासकीय विधेयकाचा, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने विधेयक मांडण्याचा, मार्ग आम्ही तपासून पाहिला आहे. राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, खर्च होणार असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २०७ (३) नुसार राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृह ते विधेयक संमत करू शकत नाही. म्हणून शासनानेच विधेयक आणावे यासाठी संबंधित विभागांना निवेदन देणे आणि त्याच वेळी विधिमंडळापुढे विनंती अर्ज सादर करणे, असे दोन्ही मार्ग आम्ही धरले आहेत.

मसुद्यात एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत यावी, असा आमचा प्रयत्न आहे: मंजूर पण रिक्त असलेल्या पदांचे काम स्वयंसेवकांकडून करून घेतले जाऊ नये. आशा स्वयंसेविकांचे उदाहरण समोर आहे. गावाच्या आरोग्याचा एवढा भार त्यांच्या खांद्यांवर असताना त्यांची गणना स्वयंसेविकांमध्ये होते आणि वाजवी मोबदल्यासाठी त्यांना वारंवार संपावर जावे लागते. आयोगाच्या नावाखाली अशी आणखी एक फळी उभी राहणार असेल, तर तो आयोग नसलेलाच बरा. त्याचप्रमाणे संस्थांवर हुकूम चालवणे, त्यांना परवाने देणे किंवा त्यांची दप्तरे तपासणे हे आयोगाचे काम नसावे. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. नोंदणी, प्रशिक्षण, विमा, गरज आणि मनुष्यबळ यांची सांगड, तसेच लहान मुलांसोबत काम करणाऱ्यांची पूर्वपडताळणी, एवढीच कामे आयोगाने केली तरी पुष्कळ झाले.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरवला आणि २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठीचे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले. भाषणांच्या पलीकडे जाऊन या वर्षात काही पदरात पडावे, म्हणून हे निवेदन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापूर्वी सादर करण्याचा आमचा मानस आहे.

आता मदतीविषयी. आम्हाला सर्वाधिक गरज आहे ती अनुभवाची. स्वयंसेवी काम करताना आपल्याला किंवा आपल्या संस्थेतील कोणाला दुखापत झाली असेल, खर्च सोसावा लागला असेल, प्रशिक्षणाअभावी काम अडले असेल किंवा उलट एखादी व्यवस्था चांगली चालली असेल, तर ते एक-दोन पानांत लिहून द्यावे. नाव प्रसिद्ध होऊ नये अशी इच्छा असल्यास तसे स्पष्ट लिहावे. तिचा पूर्ण मान राखला जाईल. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांचे म्हणणे घरी येऊन उतरवून घेण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक गट तयार होत आहे आणि त्यात सहभागी होण्यासाठी स्वच्छ मराठी लिहिता येणे एवढीच अट आहे. निवृत्त शासकीय अधिकारी आणि वकील यांनी मसुदा वाचून त्यातील त्रुटी दाखवाव्यात, अशी विशेष विनंती आहे. कलमांची भाषा आमच्यापैकी कोणालाच सरावाची नाही. ग्रामपंचायतींनी या मागणीला पाठिंबा देणारा ठराव ग्रामसभेत मंजूर करून त्याची प्रत आमच्याकडे द्यावी. निवेदनासोबत असे ठराव जोडले गेले तर त्याचे वजन निश्चितच वाढेल.

पैशांचा विषय शेवटी मांडतो, कारण खर्च मर्यादित आहे. छपाई, टपाल, प्रवास आणि मसुद्यावरील एका दिवसाची चर्चासभा एवढ्यासाठीच निधी हवा आहे. कोणत्याही एका व्यक्तीकडून ५०० रुपयांपेक्षा अधिक रक्कम आम्ही घेणार नाही. राजकीय पक्षांकडून आणि परदेशातून निधी स्वीकारला जाणार नाही. समितीची स्वतंत्र न्यास म्हणून नोंदणी नसल्यामुळे या देणगीवर आयकरात सवलत मिळणार नाही, याची देणगीदारांनी कृपया नोंद घ्यावी. गणेशोत्सव मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून जशी तात्पुरती परवानगी घेतात, तसा अर्ज आम्ही केला आहे. ती हाती येईपर्यंत कोणीही समितीच्या नावाने पैसे मागितल्यास देऊ नयेत. परवानगीनंतर प्रत्येक रकमेची छापील पावती दिली जाईल आणि जमाखर्च सदस्य संस्थांच्या फलकांवर दर महिन्याला लावला जाईल. जमलेली रक्कम उरल्यास तिचे काय करायचे, हे देणगीदारांच्या सभेतच ठरेल.

सह्यांचे अर्ज सर्व सदस्य संस्थांकडे उपलब्ध आहेत. सही करणाऱ्याचे वय १८ वर्षे पूर्ण असावे, नाव आणि गाव सुवाच्य अक्षरांत लिहावे आणि एका व्यक्तीने एकदाच सही करावी. आधार क्रमांक किंवा मोबाईल क्रमांक अर्जावर मागितलेला नाही, त्यामुळे कोणी तो विचारल्यास सांगू नये. भरलेले अर्ज, लेखी अनुभव आणि ग्रामसभांचे ठराव ३० सप्टेंबरपर्यंत आपल्या जवळच्या सदस्य संस्थेकडे जमा करावेत.

समन्वय समितीच्या वतीने