सुभेदार काका, मनापासून आभार

आदरणीय सुभेदार काका,
सा. न.

मेजर रामा राघोबा राणे यांच्यावर शाळेत बोलायचं होतं, म्हणून मी तुमच्याकडे आले. वाचून झालं होतं तसं बरंच. १९१८ चा जन्म, कारवारजवळचं चेंडिये गाव, वडील पोलिसात, १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती, मग ब्रह्मदेशातली लढाई. परमवीर चक्र हयातीत मिळालेल्या पहिल्या सैनिकांपैकी एक, हेही माहीत होतं. पण त्यांनी नेमकं काय केलं, हे मुलांना कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं. त्यांच्या हातून शत्रूचं ठाणं पडलं नव्हतं, त्यांनी रस्ता मोकळा केला होता.

तुम्ही त्यांच्या परमवीर चक्राचं मानपत्र पुढ्यात ठेवलंत आणि म्हणालात, "बाई, यातल्या फक्त वेळा वाचा."

८ एप्रिल १९४८, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा–राजौरी रस्ता. सुरुंग काढायला सुरुवात होणार तोच उखळी तोफांचा मारा. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी, त्यांत स्वतः सेकंड लेफ्टनंट राणे. तरी माणसं पुन्हा जमवून काम सुरू, ते रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा हजर. दुपारी तीनला रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार. पुढे चीडची झाडं आडवी पाडलेली, ती स्फोटकांनी उडवली. मग उद्ध्वस्त मोरी. १० तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा कामावर, मशीनगनच्या माऱ्यात.

त्या वेळा वाचताना माझा आवाज बदलला, ते तुमच्या लक्षात आलं असणार.

अंगणातल्या मातीत सुरी तिरपी धरून तुम्ही दाखवलंत की संगिनीने जमीन अशी कडेकडेने टोचत जायची. सरळ वरून खुपसली तर दाब सुरुंगाच्या माथ्यावरच पडतो. सापडला तरी लगेच उचलायचा नाही, खाली दुसरा सापळा आहे का ते बोटांनी चाचपायचं. डोक्यावरून गोळ्या जात असताना हे सगळं हळू करायचं! घाई करणारा सॅपर, म्हणजे सुरुंग काढणारा इंजिनिअर जवान, टिकत नाही, हे तुम्ही अगदी सहज बोललात. वर्गात मी ते तसंच सांगितलं आणि मुलं एकदम गप्प झाली.

मात्र सर्वांत जास्त ऋणी आहे ती तुम्ही दाखवलेल्या एका ओळीबद्दल. मी ती वाचून पुढे गेले असते. १० तारखेला रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला पुढच्या चिंगस गावाला पोचले. राणेसाहेब मात्र रस्त्यावरच राहिले, कारण मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत काम. ११ तारखेला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. "रणगाडा पोचला म्हणजे फौज पोचली असं नसतं," तुम्ही म्हणालात. हे सांगताना तुमचा चेहरा अभिमानाने कसा फुलला होता! खडकीला, बॉम्बे इंजिनिअर्सच्या केंद्रात घडलेल्या माणसालाच ही ओळ दिसावी.

मुलांनी तुमच्यासाठी प्रश्न लिहून दिले आहेत, ते सोबत पाठवते. काढलेल्या सुरुंगांचं पुढे काय करतात, हे बहुतेकांनी विचारलंय. बरं वाटेल तेव्हा वर्गात या. न्यायला मी स्वतः येईन. गुडघा जपा, काकूंना नमस्कार.

आपली कृतज्ञ,
एक शिक्षिका