लॉगशीटवर कौतुकालाही एक ओळ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ जून हा एसटीचा वर्धापन दिन. १९४८ साली याच तारखेला पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली. या दिवशी आगारात गाड्यांना हार-तोरणे लागतात. पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचाही महामंडळ सत्कार करते. तो सत्कार व्हायलाच हवा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे काढलेला माणूस म्हणून मला एवढेच सांगायचे आहे की, सत्कारात चालकाच्या छातीवर लागणाऱ्या बिल्ल्यात रात्रपाळीला गाडीखाली पडून काम करणाऱ्याचाही वाटा असतो. त्याचे नाव मात्र कुणी घेत नाही.

मेकॅनिकचे काम नीट झाले तर काहीच घडत नाही. गाडी वेळेवर सुटते, घाट उतरते, परत येते. बिघडले तरच चौकशी होते, 'रात्री गाडीला हात कुणी लावला होता?'

मी नवीन असतानाची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. रात्री एक गाडी आली, लॉगशीटवर, म्हणजे गाडीच्या रोजच्या नोंदीच्या कागदावर, चालकाने लिहिले होते, 'ब्रेकची हवा उतरते.' सांध्यांना साबणाचे पाणी लावून पाहिले, गळती सापडेना. सहकारी म्हणाले, सकाळच्या पाळीवर सोड. मन मानेना, कारण तीच गाडी पहाटे कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायची होती. शेवटी मागच्या चाकाच्या ब्रेक चेंबरमधला डायफ्रॅम, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणारा रबरी पडदा, चिरलेला सापडला. पहाटे चारपर्यंत तो बदलून झाला.

दुसऱ्या दिवशी आमच्या हेड मेकॅनिकने पाळी सुरू होताना सगळ्यांसमोर मला पुढे बोलावले आणि म्हणाले, "काल याने डायफ्रॅम शोधून काढला, म्हणून गाडी घाटात गेली. मलाही तो पटकन सापडला नसता." एवढेच. टाळ्या नाहीत, नारळ नाही. पण त्या दिवसापासून आगारात शिरणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज मी कान देऊन ऐकू लागलो. मी नेमके काय केले हे त्यांनी पाहिले होते, आणि ते दुसऱ्याच दिवशी बोलून दाखवले होते. शाबासकी लागते ती अशी.

त्याच वर्षी वीस मिनिटे उशीर झाला म्हणून मला ज्ञापन, म्हणजे लेखी मेमो, मिळाले. चूक माझी होती, तक्रार नाही. पण ते ज्ञापन माझ्या सेवेच्या फाइलमध्ये शेवटपर्यंत राहिले आणि त्या डायफ्रॅमचा कुठे उल्लेखही नाही. निवृत्तीच्या दिवशी आम्हा तिघांचा एकत्र निरोप समारंभ झाला. तिघांबद्दलही वक्ते 'कष्टाळू, मनमिळाऊ' असेच बोलले. शाल मी आदराने घेतली, पण आपण आयुष्यभर काय केले हे समोरच्या एकालाही ठाऊक नाही, हे त्या दिवशी फार लागले.

कौतुक म्हणजे पगार नव्हे, हेही स्पष्ट लिहितो. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात एसटीच्या घराघरांत काय ओढाताण झाली ती आम्ही भोगली आहे. पगार वेळेवर हवा, रजा हवी, वर्कशॉपमध्ये सुटे भाग हवेत. त्यांच्या बदल्यात कुणी नुसते गोड शब्द देऊ लागला तर कामगाराला ते लगेच कळते, आणि मग खऱ्या शब्दांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

म्हणून मागणी छोटी आहे. चालक लॉगशीटवर गाडीचे दोष लिहितोच. त्याखाली एक ओळ छापावी: 'कालची दुरुस्ती कशी झाली?' चालकाने 'ब्रेक उत्तम लागले' असे लिहिले, तर पर्यवेक्षकाने ते पाळीच्या वेळी त्या मेकॅनिकचे नाव घेऊन वाचून दाखवावे आणि ज्ञापन जसे फाइलला लागते तशीच ती नोंदही लावावी. याला वेगळा निधी लागत नाही. येत्या १ जूनला एखाद्या आगाराने तरी सुरुवात करावी.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, सातारा जिल्हा