फाउंडेशन वर्ग कंपनीचे, भार विद्यापीठावर

महोदय,

ब्रिटनमधील काही विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांचे फाउंडेशन वर्ग (पदवीआधीच्या तयारीचे वर्ग) खासगी कंपन्यांकडे सोपवतात. ‘युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन’ ही प्राध्यापक संघटना त्याला विरोध करत आली आहे. हा विरोध फक्त पगारासाठी नाही. २००६ साली ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने ‘इंटो’ या खासगी कंपनीशी केली तशा भागीदारीत वेगळी संयुक्त कंपनी निघते आणि शिक्षक तिचे नोकर ठरतात. राष्ट्रीय वेतनश्रेणी, विद्यापीठाची पेन्शन त्यांना आपोआप मिळत नाही.

खरी गोम गुणांत आहे. ठरावीक गुण मिळाले की पदवीला प्रवेश, या आश्वासनावरच हे वर्ग विकले जातात. शिकवणारा, पेपर काढणारा, तपासणारा एकच आणि त्याची कमाई पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांवर, अशी रचना असली की काठावरचा विद्यार्थी सहज ढकलला जातो. मग पदवीच्या पहिल्याच सत्रात त्याचे कच्चे इंग्रजी, गणित उघडे पडते. बाह्य परीक्षक असतात, पण ते नमुन्यादाखल काहीच उत्तरपत्रिका पाहतात.

त्यातून विद्यापीठ आणि कंपनीतला करार ‘व्यापारी गुपित’! किमान उत्तीर्णतेचा निर्णय विद्यापीठाच्या विभागाकडे राहावा आणि करार मोडल्यास शिक्षकांना सामावून घ्यावे, ही दोन कलमे सहीपूर्वीच लिहून घ्यायला हवीत.

– काही प्राध्यापक