शुगर मोजता, पायांतली ताकदही मोजा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढच्या माणसांची शुगर तपासली जाते, गोळ्या मोफत मिळतात. आशाताईंच्या कष्टावर उभे असलेले हे काम मोठे आहे. त्यात एक उणीव राहिली आहे, तेवढ्यासाठी हे पत्र.

मी मराठवाड्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. साठीपुढच्या बाया शुगरच्या आकड्याबद्दल फारसे बोलत नाहीत. ‘पायात जीव नाही’, ‘खाली बसलं की उठवत नाही’, हे त्यांचे दुखणे. वय झाले म्हणून ते सोडून देऊ नये. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. मधुमेहात इन्सुलिनचा परिणाम मंदावतो तसे स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की साखर रक्तातच रेंगाळते. गोळ्या वाढत जातात, माणूस वाळत जातो.

त्यात आपला सल्ला : गोड बंद, भात बंद, बटाटा बंद. त्याजागी काय खायचे, हे फार कमी जण सांगतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज सुमारे 50 ग्रॅम. उतारवयात 1 ते 1.2 ग्रॅम हवीत, असे तज्ज्ञ सांगतात. 100 ग्रॅम कोरड्या तूरडाळीत जेमतेम 22 ग्रॅम प्रथिने. पाच माणसांच्या आमटीत मूठभर डाळ पडत असेल, तर घरातल्या म्हातारीच्या वाटीत काय येणार?

मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. त्यासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासायला हवे. पण मूत्रपिंड धडधाकट असलेल्यांनाही ‘डाळ खाल्ली तर किडनी जाईल’ म्हणून घाबरवले जाते. हे थांबवा.

स्नायूंच्या तपासणीला एक खुर्ची आणि घड्याळ पुरते. हात छातीशी दुमडून पाच वेळा उठायचे-बसायचे. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांनुसार ती धोक्याची खूण आहे. रुग्णाच्या कार्डावर याचा रकाना छापा. नुसते खाऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना कामही लागते. हीच उठबस झेपेल तशी घरी करायला सांगता येईल.

राहिली डाळ. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी 5 किलो धान्य मिळते, तेही मुख्यतः गहू-तांदूळ. तामिळनाडूत रेशनवर सवलतीने तूरडाळ मिळते. आपल्याकडे 2022 च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’मध्ये हरभराडाळ होती, म्हणजे दुकानापर्यंत डाळ पोचवणे या राज्याला जमते. रेशनचे खाते वेगळे आहे, हे मला ठाऊक आहे. तरी ही मागणी आरोग्य खात्याकडून गेली तर तिला वजन येईल. मधुमेहाची नोंद असलेल्या अंत्योदय कुटुंबांना दरमहा 2 किलो डाळ द्या. पहिला जिल्हा लातूर घ्या, डाळमिली तिथेच आहेत.

आपली,
मराठवाड्यातील एक आहारतज्ज्ञ