काका, इंजिन पहिल्या सेल्फला लागलं! मनापासून थँक यू

प्रिय काका,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगून झालंय तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. आपल्या डेट्रॉईटकडच्या मराठी मंडळींत आता बोटी घेणारे बरेच झालेत, लेक सेंट क्लेअरवर उन्हाळ्यात कुणी ना कुणी भेटतंच, आणि ऑक्टोबर आला की सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, इंजिनचं काय करायचं. तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्या एकटीकडे राहू नये असं वाटतं, आणि आभार मानायचेच तर चारचौघांत मानावेत.

तर बातमी ही की मे महिन्यात बोट पाण्यात सोडली, आधी ब्लोअर, म्हणजे इंजिनखोलीतली वाफ बाहेर फेकणारा पंखा, पाच मिनिटं चालवला, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, वाकून पेट्रोलचा वास येतोय का ते तुम्ही सांगितलं होतं तसं स्वतःच्या नाकाने बघितलं, मग किल्ली फिरवली आणि ते जुनं ३५० घनइंची व्ही-एट इंजिन पहिल्या सेल्फला लागलं. एक्झॉस्टमधून पाणी पडायला लागलं, ऑइल प्रेशर जागेवर, टेंपरेचरचा काटा १६० फॅरनहाइटच्या आसपास येऊन थांबला. थोड्या वेळाने बंद करून डिपस्टिक काढली तर ऑइल सोनेरी, स्वच्छ. मला तिथेच तुम्हाला मिठी मारावीशी वाटली.

गेल्या ऑक्टोबरात तुम्ही आला नसतात तर काय झालं असतं हे मला आता नीट कळतंय. बोट ट्रॅव्हललिफ्टने, म्हणजे यार्डातल्या चाकांच्या क्रेनने, उचलून स्टँडवर ठेवली होती, मरिनाची विंटरायझिंगची, म्हणजे हिवाळ्यासाठी इंजिन तयार करून देण्याची, यादी पूर्ण भरलेली, आणि दोन दिवसांत रात्री गोठणबिंदूच्या खाली जाणार असं हवामानखातं सांगत होतं. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी विचारलंत, बोट पाण्यात आहे का जमिनीवर. जमिनीवर म्हटल्यावर म्हणालात, "मग उद्याच यायचं." कारण बोट पाण्यात असते तोवर तळ्याचं पाणी तिला ऊब देत असतं, हवा गोठली तरी तळं इतक्या लवकर गोठत नाही, पण एकदा स्टँडवर चढवली की चारी बाजूंनी गार वारा लागतो आणि पहिल्याच कडक रात्री घात होऊ शकतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही तर बोट बाहेर काढली म्हणजे सुटलो असं समजत होतो.

आमच्या बोटीचं इंजिन इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आतच बसवलेलं, आणि थंड करायला थेट तळ्याचंच पाणी. पंप ते आत ओढतो, ब्लॉकमधून, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळ्यांमधून) फिरवतो आणि मागून बाहेर फेकतो. इंजिन बंद केलं तरी त्यातलं बरंच पाणी आतच बसून राहतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि ओतीव लोखंड काही ताणलं जात नाही, ते तडकतं. आणि इथला हिवाळा तर सगळ्यांना माहीत आहे, जानेवारी २०१९ च्या पोलर व्हर्टेक्समध्ये पारा उणे १० फॅरनहाइटच्याही खाली गेला होता. ब्लॉक तडकला की नवीन इंजिनला हजारो डॉलर, शिवाय पुढचा सगळा सीझन वाया.

इथे तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. माझा नवरा म्हणाला की ब्लॉकला फ्रीझ प्लग असतात ना, पाणी गोठलं की ते उडतात आणि ब्लॉक वाचतो. तुम्ही शांतपणे सांगितलंत की ती भोकं कास्टिंगच्या वेळी आतली रेती बाहेर काढायला ठेवलेली असतात, थंडीशी त्यांचा काही संबंध नाही, कधी एखादा प्लग उडतो, कधी उडत नाही, आणि कधी प्लगही उडतो आणि ब्लॉकही तडकतो. ज्या माणसाने कोल्हापूरला उद्यमनगरात फाउंड्रीत उमेदवारी केली आणि पुढचं सगळं आयुष्य इथे मिशिगनमध्ये इंजिनांत घातलं, तो हे सांगतोय म्हटल्यावर विषय संपला.

मग कामाला सुरुवात. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर आधीच टाकायला लावला होतात आणि टाकी जवळजवळ भरून, कारण इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, ते ओलावा ओढतं, आणि ओलावा जास्त झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. सीकॉकवरचा (तळ्याचं पाणी आत घेणाऱ्या झडपेवरचा) होज काढून बादलीत सोडला, बादलीत बागेचा पाईप चालू, आणि इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवलं, म्हणजे स्टॅबिलायझरवालं पेट्रोल पार कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. गरम असतानाच डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ऑइल ओढून काढलं. नवीन ऑइल वसंतात घालू की असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणालात, जुन्या ऑइलमध्ये अ‍ॅसिड आणि ओलावा असतो, सहा महिने तो बेअरिंगला का चाटू द्यायचा? नवीन फिल्टर, नवीन ऑइल, परत इंजिन चालू, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात फॉगिंग ऑइलचा फवारा. इंजिन खोकायला लागलं, मागून पांढरा धूर, मी घाबरून तुमच्याकडे बघतेय आणि तुम्ही हाताने खुणावताय, मार अजून, मार. सिलिंडरला आतून तेलाचा हात लागला पाहिजे, नाहीतर गंज धरतो.

आणि मग तो प्लग. यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

पाणी सोडायला ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना खाली एकेक पितळी प्लग, दोन्ही मॅनिफोल्डच्या तळाशी एकेक, शिवाय इंजिनात पाणी फिरवणाऱ्या सर्क्युलेटिंग पंपाचा मोठा होज, तळ्याचं पाणी ओढणारा रॉ वॉटर पंप, ट्रान्समिशनचा कूलर, पाण्यातला कचरा अडवणारा स्ट्रेनर. सगळं तुम्ही कागदावर चित्र काढून दाखवलंत पण पान्याला हात लावला नाहीत. उलट्या बादलीवर बसलात आणि म्हणालात, "हात तुझे, डोळे तुझे. मी नुसता हाय." मी पोटावर आडवी पडून एकेक प्लग सोडत होते. डावीकडचा काढला आणि पाण्याची धार लागली, मनगटावरून कोपरापर्यंत गार पाणी, मॅनिफोल्डचेही दोन्ही वाहिले. उजवीकडचा, स्टार्टरच्या मागचा, जिथे फक्त माझाच हात जात होता, तो काढला आणि थेंबसुद्धा आला नाही. भोक कोरडं. मी म्हटलं काका, इकडचं पाणी तिकडूनच गेलं वाटतं.

तुम्ही म्हणालात, "पाणी हाय की आत, वाट न्हाय त्याला." आणि खिशातून हँगरची तार काढून दिलीत, टोकाला जरा वाकवलेली.

ती तार मी भोकात घातली, अर्ध्या इंचावर काहीतरी कचकच लागलं. फिरवत फिरवत टोचत राहिले, आधी काळे पापुद्रे पडले, मग तांबड्या गंजाचा चिखल, बारीक वाळू, आणि मग एकदम भसकन पाणी आलं, तपकिरी, लोखंडाचा वास येणारं, आणि ते येतच राहिलं. डावीकडून सगळं गेलंय असं जे वाटत होतं ते सगळं इकडे जसंच्या तसं बसलेलं होतं, कारण व्ही इंजिनच्या दोन बाजू वेगळ्या, खालून एकीचं पाणी दुसरीकडून जात नाही. धार थांबल्यावर पण तुम्ही परत तार घालायला लावलीत, अजून थोडं आलं, परत घालायला लावलीत, मग नुसते थेंब, मग तेही नाही. तेव्हा म्हणालात, आता झालं.

काका, तुम्ही स्वतः केलं असतंत तर निम्म्या वेळात झालं असतं, गुडघे दुखत असताना त्या गारठ्यात तुम्हाला तेवढा वेळ बसायलाही लागलं नसतं. तुम्ही वेळ दिलात तो मला यावं म्हणून. नुसत्या मदतीबद्दल आभार मानता येतात, याबद्दल कसे मानायचे मला खरंच कळत नाहीये.

त्यानंतरचं अँटीफ्रीझचं पण इथे लिहून ठेवते कारण बहुतेक लोक हे करतात ते अर्धवट. बादलीत गुलाबी अँटीफ्रीझ ओतायचं, इंजिनला ओढू द्यायचं, मागून गुलाबी आलं की झालं असं समजतात. पण इंजिन गार असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावरच उघडणारी झडप, बंद असतो, अँटीफ्रीझ बाहेरच्या बाहेर मॅनिफोल्डकडून निघून जातं आणि ब्लॉकमधलं पाणी तसंच राहतं. गेलं तरी त्या पाण्यात मिसळून पातळ होतं. म्हणून आधी पाणी पूर्ण बाहेर, प्लग परत घट्ट, मग वरचा मोठा होज काढून नरसाळ्याने थेट ब्लॉकमध्ये ओतायचं, आणि मॅनिफोल्डच्या होजमधून वेगळं. बाटलीवर उणे ५० लिहिलेलं असतं तो आकडा पाईप फुटण्याचा आहे, गोठायला तर ते त्याच्या किती तरी आधी लागतं, त्याचा बर्फाळ लगदा होतो, त्यामुळे आपल्याकडे उणे १०० वालंच घ्यायचं. आणि ते प्रॉपिलीन ग्लायकोलचं, गाडीतलं हिरवं एथिलीन ग्लायकोल नाही, ते विषारी आणि वसंतात इंजिन चालू केलं की सगळं तळ्यात जाणार. तेच पाणी आपण पितो.

शेवटी तुम्ही तो रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे अँटीफ्रीझ किती थंडीपर्यंत टिकेल ते दाखवणारी छोटी दुर्बीण, काढलात, मॅनिफोल्डचा प्लग जरासा सैल करून एक थेंब काचेवर घ्यायला लावलात आणि डोळ्याला लावून प्रॉपिलीनच्या पट्टीवर निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे येते ते वाचायला लावलंत. रंग गुलाबी दिसतोय एवढ्यावर तुम्ही समाधानी नव्हतात. मला ते फार आवडलं. बाकीचं पटापट झालं, पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पातं, म्हणजे इंपेलर, काढला कारण सहा महिने एकाच जागी दबून त्याची पाती वाकडी राहतात, बॅटरी घरी नेऊन पूर्ण चार्ज करून ठेवली, एक्झॉस्टच्या तोंडाला बोळा. इंपेलर एका पिशवीत घालून ती किल्लीला बांधायला लावलीत, म्हणजे वसंतात कुणीही घाईने किल्ली फिरवायला गेलं तर आधी ती पिशवी हातात येते. इतकी साधी गोष्ट, पण पंपाशिवाय कोरडं इंजिन चालवून बसणारे लोक मी यार्डात ऐकलेत.

एप्रिलमध्ये श्रिंकरॅप, म्हणजे हिवाळ्यात बोटीवर घट्ट बसवलेलं प्लास्टिक, फाडायला गेलो तेव्हा तुम्ही मला चार बोटी सोडून पलीकडे घेऊन गेलात ते आठवतंय ना? त्या माणसाचं इंजिन उघडं होतं, ब्लॉकच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली, एक आडवी केसाएवढी रेघ आणि तिच्यातून गंजाचे ओघळ. त्याची डिपस्टिक काढली तर ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं. त्याने अँटीफ्रीझ ओढवलं होतं, मागून गुलाबी आलेलं पण बघितलं होतं. तो माणूस नुसता उभा होता, त्याची मुलं शेजारी लाइफजॅकेट घालून. मला फार वाईट वाटलं. त्या रेघेकडे बघताना माझ्या डोळ्यासमोर आमचा उजवीकडचा तो कोरडा प्लग होता.

मी हर्णैकडची, मला बोट बंद करून ठेवणं नवीन नाही. आमच्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्याच्या आधी सगळ्या होड्या वर ओढून शाकारायच्या, आणि माझे आजोबा इंजिनला हात लावल्याशिवाय झाप टाकू द्यायचे नाहीत. पण तिथे भीती पावसाची आणि खाऱ्या हवेची, गोठण्याची नाही, त्यामुळे तिथलं शहाणपण इथे पुरत नव्हतं. आजोबा गेल्यावर इंजिनाबद्दल विचारावं असं कुणी राहिलं नव्हतं. आता आहे. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मला जमलं नसतं म्हणून इथे लिहिलं.

यंदाची तयारी मी आत्तापासून ठरवतेय. नोव्हाय उपनगरातल्या दोन मैत्रिणींनी मिळून या वर्षी बोट घेतलीय, त्यांचं इंजिन पण असंच, थेट तळ्याच्या पाण्याने थंड होणारं. त्यांना सांगितलंय की यार्डात बोट चढली त्याच दिवशी मला फोन करा, तार मी आणते, हात तुमचे. तुम्ही आलात तर फारच छान, बादलीऐवजी खुर्ची आणेन आणि थर्मासभर चहा. रिफ्रॅक्टोमीटर अजून माझ्याकडेच आहे, रविवारी घेऊन येते. आईने हर्णैहून आमसुलं आणि फणसाची साटं पाठवलीत, काकूंसाठी बाजूला काढून ठेवलीत. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
कोकणातली पोर