जेसनच्या पराक्रमात जेसनचा वाटा किती?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला, सोनेरी लोकर आणायला गेलेल्या ग्रीक पुराणकथेतल्या जेसनवरचा लेख वाचला. भाषा छान आहे, पण 'दोष असले तरी तो वीरच' हे म्हणणं मला मुळीच पटलं नाही.

दोष ट्रॉयच्या युद्धातल्या अकिलीसमध्येही होते. पण तो स्वतः लढला, आणि शेवटी शत्रूच्या म्हाताऱ्या राजाला, प्रायमला, त्याच्या मुलाचं प्रेत परत देण्याइतका विरघळलाही. जेसनने आग ओकणारे बैल जुंपले ते मिडियाने, म्हणजे पुढे त्याची बायको झालेल्या जादूगार राजकन्येने, दिलेला लेप अंगाला लावून. जमिनीतून उगवलेल्या योद्ध्यांमध्ये धोंडा टाकून त्यांना आपसात झुंजवलं, तेही तिने शिकवलं म्हणून. क्रीट बेटाच्या किनाऱ्यावर टॅलॉस या काशाच्या राक्षसाला तिने लोळवलं, तेव्हा बाकीचे वीर नावेतच होते. आणि कॉरिंथ शहरात तिथल्या राजाची मुलगी मिळतेय म्हटल्यावर याने तिलाच टाकलं! ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात ती हे उपकार तोंडावर मोजून दाखवते, तर हा म्हणतो, मला तारलं ते प्रेमाची देवी ॲफ्रोडायटीने.

हे उत्तर मी प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. मी एका सहकारी बँकेत होते. आमच्या शाखेत बचत खात्यांचं बॅलन्सिंग थकलं होतं, लेजर टॅली होत नव्हती, म्हणजे खातेवहीतल्या बेरजा जुळत नव्हत्या. घरी मुलगा तापाने फणफणलेला असताना मी रात्री उशिरापर्यंत बसून एकेक पान तपासलं आणि फरक शोधून काढला. मुख्य कार्यालयात ढाल मिळाली शाखाधिकाऱ्यांना. भाषणात ते म्हणाले, "सगळी गणरायाची कृपा." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझं नाव घेतलं असतं तर गणराय रागावला असता का? निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तो अपमान माझ्या मनातून गेलेला नाही.

मिडियाने पुढे पोटची मुलं मारली, त्याचं समर्थन मी करणार नाही. लोकरीच्या मोहिमेवर निघालेल्या खलाशांनी बलाढ्य हेराक्लीसला नेता निवडलं, तेव्हा त्यानेच तो मान जेसनला दिला, हेही खरं. माणसं जोडणं त्याला येत असेल. पण 'त्या काळी असंच चालायचं' ही लेखकाची सबब टिकत नाही. इ.स.पू. ४३१ मधल्या त्या नाटकात कॉरिंथच्या बायकाच जेसनला सांगतात, बायकोला टाकून तू अन्याय केलास.

आता चित्राबद्दल. लेख ग्रीक कवी अपोलोनियसच्या काव्याच्या आधारे लिहिलाय आणि शेजारी जेसन तलवारीने अजगर मारताना दाखवलाय. त्या काव्यात अजगराला मंत्र म्हणून आणि औषध शिंपडून झोपवते मिडिया. जेसन फक्त झाडावरची लोकर उचलतो. तुमच्या चित्रात ती कुठेच नाही. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि ती चित्राखालच्या ओळींसारखी बारीक अक्षरांत नको. त्या वाचायला मला भिंग घ्यावं लागलं.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज